नऊ पराभव, एकही मोठा नाही: नेब्रास्काचा २०२१चा हंगाम नेमका कुठे निसटला?

गणपतीच्या जेवणानंतर तू विचारलेला प्रश्न तिथे अर्धवट राहिला. दोन्ही बाजूंची मंडळी एकदम बोलायला लागली आणि आरतीची वेळ झाली. प्रश्न असा होता: "काका, २०२१ साली नेब्रास्का विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ बारापैकी नऊ सामने हरला, पण एकाही सामन्यात दहा गुणांच्या फरकाने हरला नाही. काही जण म्हणतात नशीब फुटकं होतं, हेड कोच स्कॉट फ्रॉस्टला आणखी वेळ द्यायला हवा होता. काही म्हणतात तो कोच म्हणून कच्चाच होता, त्याला आधीच काढायला हवं होतं. तुम्ही इतकी वर्षं कोचिंग करता, तुम्हाला काय वाटतं?"

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. सांगलीहून १९९८ला लिंकनला शिकायला आलो आणि इथलाच झालो. ओमाहाजवळच्या एका शाळेत एकोणीस वर्षं असिस्टंट कोच आहे, नोकरी सांभाळून. माझ्याकडे स्पेशल टीम्स असतात, म्हणजे ज्या ज्या वेळी चेंडूला लाथ बसते ते सगळे प्रसंग: पंट (आपले प्रयत्न फसल्यावर चेंडू लांब समोरच्यांकडे ढकलणं), किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ), फील्ड गोल (खांबांमधून लाथेने मारलेले तीन गुण), आणि टचडाउननंतरचा जादा गुण (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले सहा गुण). त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. वाचताना एवढं ध्यानात ठेव.

थोडक्यात उत्तर असं. नशिबाचा वाटा आहे, पण लहान. कोचने अमुक वेळी धाव घ्यायला सांगितली की पास टाकायला, यावर लोक रात्र रात्र वाद घालतात, त्याचाही वाटा लहानच. तो हंगाम गेला लाथेच्या खेळात आणि चेंडू सांभाळण्यात. त्याची जबाबदारी हेड कोचचीच, पण त्याची चूक शनिवारी मैदानावर झाली नाही. ती हंगामाच्या कितीतरी महिने आधी, असिस्टंटना कामं वाटून देताना झाली.

आता हंगाम समोर मांडतो. इलिनॉयकडून २२-३०, ओक्लाहोमाकडून १६-२३, मिशिगन स्टेटकडून जादा वेळेत २०-२३, मिशिगनकडून २९-३२, मिनेसोटाकडून २३-३०, पर्ड्यूकडून २३-२८, ओहायो स्टेटकडून १७-२६, विस्कॉन्सिनकडून २८-३५, आयोवाकडून २१-२८. नऊ पराभवांचा सगळा फरक मिळून ५६ गुण. जिंकलेले तीन सामने पाहा: फोर्डम ५२-७, बफेलो २८-३, नॉर्थवेस्टर्न ५६-७. त्या तिघांत मिळून ११९ गुणांची आघाडी. अख्ख्या हंगामात आपण ३३५ गुण केले आणि २७२ दिले. दिलेल्यापेक्षा ६३ गुण जास्त केलेला संघ ३-९ वर संपला. केलेल्या-दिलेल्या गुणांवरून अपेक्षित विजय काढायचं एक रूढ गणित आहे. त्यात हे आकडे घातले तर सात-साडेसात विजय निघतात. तीन दुबळ्या संघांना धुतल्यामुळे तो आकडा थोडा फुगलेला आहे हे धरलं, तरी पाच-सहा विजयांचा संघ होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नशीबवाल्यांचं म्हणणं इथेच उभं राहतं आणि ते अगदीच पोकळ नाही. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाचे सामने, म्हणजे एक टचडाउन आणि त्याच्या जादा गुणांनी फिरू शकणारे सामने, बहुतेक संघांच्या वाट्याला निम्मे-निम्मे येतात. एका वर्षी सगळे हरलात तर पुढच्या वर्षी काही परत मिळतात. जमिनीवर पडलेला लांबोडका चेंडू कुणाकडे उसळेल हे कुणाच्याच हातात नसतं.

पण एक वर्ष सुटं काढून पाहू नकोस. फ्रॉस्टच्या पूर्ण कारकिर्दीत, २०१८पासून सप्टेंबर २०२२पर्यंत, असे अटीतटीचे सत्तावीस सामने झाले. त्यातले जिंकले पाच, हरले बावीस. नाणं सत्तावीस वेळा उडवून छापा पाचदा किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता साधारण तेराशेत एक. एवढं सातत्य नशिबात नसतं. पडलेला चेंडू कुणाच्या हाती लागतो ते नशीब, पण चेंडू पुन्हा पुन्हा आपल्याच माणसाच्या हातून पडतो, त्याला कारण असतं आणि ते शोधता येतं.

त्यासाठी तुला एक पंट जवळून दाखवतो. २५ सप्टेंबर २०२१, ईस्ट लान्सिंग, मिशिगन स्टेटचं मैदान. चौथा क्वार्टर, आपण २०-१३ने पुढे, चार मिनिटंही उरलेली नाहीत. उत्तरार्धात आपल्या बचावाने मिशिगन स्टेटला एकही फर्स्ट डाउन मिळू दिलेला नव्हता. म्हणजे दहा यार्ड पुढे सरकून नव्याने चार प्रयत्न मिळवणं त्यांना अर्ध्या सामन्यात एकदाही जमलेलं नव्हतं. आता आपल्याला फक्त पंट मारून चेंडू लांब त्यांच्याकडे ढकलायचा होता आणि बचावाने आणखी एकदा थांबवायचं होतं. पंट एका बाजूला जायचा ठरला होता, तो गेला दुसऱ्या बाजूला. आपली पोरं ठरल्या बाजूला धावत सुटलेली. तिकडे जेडन रीडने मोकळ्या मैदानात चेंडू झेलला आणि ६२ यार्ड पळत टचडाउन केला. २०-२०. जादा वेळेत आपला पास त्यांनी पकडला, मग त्यांनी फील्ड गोल मारला आणि सामना संपला.

टीव्हीवर पाहणाऱ्याला वाटतं, पंटरने चुकीच्या बाजूला लाथ मारली, झालं. हे कसं घडतं ते आतून पाहा. कॉलेजच्या मैदानाची रुंदी ५३ यार्ड आणि थोडी वर. दिशा ठरवून पंट मारायचा, कारण चेंडू एका कडेला गेला की बाहेरची रेषा आपल्या बाजूने बचाव करते. झेलणाऱ्याला एका हाताला पळायला जागाच राहत नाही. आपली पोरं त्या हिशेबाने तिरकी धावतात, प्रत्येकाची गल्ली ठरलेली असते. चांगला पंट हवेत चार सेकंद आणि वर राहतो. अंगावर पॅड चढवलेला तगडा मुलगा सेकंदाला सात-आठ यार्ड कापतो. चेंडू ठरलेल्या जागेपासून वीस यार्ड भलतीकडे पडला, तर प्रत्येकाला ती वीस यार्डं आडवी कापायची, म्हणजे अडीच सेकंद उशीर. झेलणाऱ्याला अडीच सेकंद मोकळे मिळाले तर तो वीस यार्ड पुढे गेलेला असतो आणि समोरच्या गल्ल्या रिकाम्या असतात.

म्हणून पंटमध्ये लाथेच्या जोराइतकीच महत्त्वाची असते ती अकरा जणांच्या डोक्यात एकच दिशा असणं. ती आपोआप होत नाही. आमच्या शाळेत २०११च्या हंगामात एका बाद फेरीच्या सामन्यात मी उजवीकडे म्हणालो, गर्दीच्या आवाजात पंटरने डावीकडे ऐकलं, आणि आम्ही त्या एका पंटवर घरी आलो. तो मुलगा बसमध्ये सतरा वर्षांच्या पोरांसारखा रडत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून होतो. चूक माझी होती. त्यानंतरच्या आठवड्यापासून आमच्याकडे नियम आहे: दिशा हाताच्या खुणेने सांगायची, पंटरने ती मोठ्याने म्हणायची, स्नॅप मारणाऱ्याने, म्हणजे पायांमधून चेंडू मागे पंटरकडे देणाऱ्याने, परत म्हणायची, आणि बाहेरून पळणाऱ्या दोघांनी हात वर करून दाखवायची. चौघांचं जुळलं नाही तर टाइमआउट घ्यायचा. मंगळवार-गुरुवारी वीस-वीस मिनिटं हेच. मी स्टॉपवॉच घेऊन उभा: स्नॅप पंटरच्या हातात पोहोचायला किती, पायाला चेंडू लागायला किती, हवेत किती. कॉलेजात स्नॅपपासून लाथेपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास लागावेत, आमच्या पोरांना थोडे जास्त लागतात. हे काम कंटाळवाणं आहे. पण ते ज्याचं एकट्याचं काम असतं, तोच ते मन लावून करतो.

आता मुद्द्यावर येतो. २०२१मध्ये कॉलेजच्या हेड कोचला दहा असिस्टंट ठेवता येत होते. मैदानावर उतरून मुलांना शिकवण्याची परवानगी फक्त त्या दहा जणांना. बाकी अ‍ॅनालिस्ट म्हणून कितीही माणसं ठेवा, ती व्हिडिओ पाहू शकत होती, कागद करू शकत होती, पण मुलाला बाजूला घेऊन "पाय असा टाक" म्हणणं नियमाबाहेर होतं. हा नियम जून २०२४मध्ये सैल झाला. २०२१मध्ये मात्र प्रत्येक हेड कोचपुढे प्रश्न असायचा: दहातली एक जागा पूर्ण वेळ स्पेशल टीम्सवर घालवू की तिथे आणखी एक आक्रमणाचा माणूस घेऊ? फ्रॉस्टने ती जागा स्पेशल टीम्सना दिली नाही. बचावातल्या बाहेरच्या लाइनबॅकर्सना शिकवणाऱ्या असिस्टंटकडेच स्पेशल टीम्स जोडून दिल्या.

तो असिस्टंट वाईट होता असं मी म्हणत नाही. हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त वेळ मुलांना सक्तीच्या सरावात गुंतवता येत नाही. त्या वीस तासांत ज्याचं पहिलं काम लाइनबॅकर आहे, तो सोमवारी सकाळी कशाचा व्हिडिओ आधी लावेल? आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे उपाशी राहिल्या त्या स्पेशल टीम्स.

ओक्लाहोमाचा सामना घे. ओक्लाहोमा तेव्हा देशात तिसऱ्या क्रमांकावर, त्यांच्या घरी, आणि आपण बरोबरीने खेळतोय. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टचडाउन करून आपण ९-१४वर आलो. जादा गुणाची लाथ अडवली गेली आणि तोच चेंडू घेऊन त्यांचा खेळाडू दुसऱ्या टोकापर्यंत पळाला, त्यांना दोन गुण. १०-१४च्या जागी ९-१६. दोन फील्ड गोलही चुकले, त्याचे सहा. लाथेच्या खेळात नऊ गुण गेले आणि सामना हरलो सात गुणांनी. चाहते आठवडाभर त्या किकरला शिव्या देत होते. तोच मुलगा आदल्या वर्षी, २०२०मध्ये, बिग टेन या आपल्या स्पर्धागटातला सर्वोत्तम किकर ठरला होता. एका वर्षात पाय विसरत नाही. बिघडते ती साखळी: स्नॅप, चेंडू धरून ठेवणारा, समोरची भिंत, त्यांचा ताल. आणि मग मुलाच्या डोक्यात शंका शिरते. किकरच्या बाबतीत शंका शिरली की तिला बाहेर काढायला रोज त्याच्याजवळ उभा राहणारा माणूस लागतो.

हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, इलिनॉयविरुद्ध, आपला माणूस आपल्याच गोलरेषेजवळ पंट पकडायला गेला आणि त्यातून सेफ्टी होऊन, म्हणजे खेळी आपल्याच गोलरेषेमागे संपून, समोरच्याला दोन गुण मिळाले. आमच्याकडे नववीतल्या पोरालाही शिकवतात: दहा यार्डांच्या रेषेवर टाच ठेव, चेंडू डोक्यावरून मागे चालला तर हात लावू नकोस, जाऊ दे. इतकी साधी गोष्ट मोठ्या सामन्याच्या दडपणात टिकायची तर ती अंगवळणी पडलेली असावी लागते.

आणि आयोवा. २६ नोव्हेंबर, आपलं घरचं मेमोरियल स्टेडियम, आपण तिसऱ्या क्वार्टरमध्ये २१-६ने पुढे. मग फील्ड गोल, २१-९. मग आपला पंट अडवला, चेंडू उचलून टचडाउन, २१-१६. मग आपल्याच एंड झोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) सेफ्टी, २१-१८. फील्ड गोल, बरोबरी. शेवटी एक टचडाउन, २१-२८. आयोवाच्या आक्रमणाने त्या दिवशी स्वतःच्या बळावर एकच टचडाउन केला. त्या वर्षी आयोवाचं आक्रमण पाहवत नव्हतं, तरीही त्यांनी दहा सामने जिंकले. त्यांच्याकडे स्पेशल टीम्सना पूर्ण वेळ कोच होता आणि पंट हे त्यांच्यासाठी जिंकायचं हत्यार होतं. आपल्याकडे तो आक्रमण फसल्यावर उरकायचा उपचार होता. मिसुरी नदीच्या पलीकडचं राज्य, आपल्यासारखीच हवा, आपल्यासारखीच शेतकऱ्यांची पोरं.

आता दुसरी बाजू, चेंडू सांभाळणं. आपला तेव्हाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, एड्रियन मार्टिनेझ याच्याबद्दल लोक अजून कडवट बोलतात ते मला खुपतं. मिशिगनविरुद्ध २९-२९ असताना शेवटच्या दोन मिनिटांत त्याच्या हातून चेंडू हिसकावला गेला आणि त्यांनी फील्ड गोल मारून सामना नेला. इलिनॉयविरुद्ध मध्यंतराच्या आधी त्याच्या हातून पडलेला चेंडू उचलून त्यांनी टचडाउन केला. हे झालंच, मी झाकत नाही. पण तो पोरगा चार वर्षं आपल्याकडे संघाचा सगळा भार अंगावर घेऊन पळाला, दुखापती घेऊन खेळला. २०२२ला तो कॅन्सस स्टेटला गेला आणि तिथे ओक्लाहोमाविरुद्ध त्यांच्याच घरी १४८ यार्ड धावला, चार टचडाउन केले, आणि संघ ४१-३४ने जिंकला. पूर्ण हंगामात त्याचा एकच पास समोरच्यांनी पकडला. मुलगा तोच. बदललं ते त्याच्याकडून काय मागितलं गेलं ते. तिथे त्याला दर डावात वीर व्हावं लागत नव्हतं. ज्या संघात क्वार्टरबॅकला दर चौथ्या खेळीला चमत्कार करावा लागतो, तिथे चेंडू पडणारच, कारण चमत्काराच्या नादात चेंडू छातीपासून लांब जातो. आम्ही पोरांना शिकवतो, गर्दीत शिरताना चेंडूला पाच जागा टेकल्या पाहिजेत: बोटं, तळवा, हाताचा पुढचा भाग, दंड, छाती. थकलेला मुलगा पहिली सोडतो ती छाती.

मग कोचला काढायला हवं होतं की नाही? इथे नेब्रास्काचा इतिहास मध्ये येतो आणि तो समजल्याशिवाय ही भांडणं समजत नाहीत. या राज्यात वीस लाखांच्या आसपास माणसं, व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही. ३ नोव्हेंबर १९६२पासून मेमोरियल स्टेडियमचं प्रत्येक तिकीट विकलं गेलंय. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं गाव असतं. हेड कोच टॉम ऑसबोर्न यांनी १९७३ ते १९९७, पंचवीस वर्षांत २५५ सामने जिंकून दिले, शेवटच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं. ते सुख ज्यांनी पाहिलं त्यांना बाकी सगळं अळणी लागतं. फ्रँक सोलिच यांना २००३मध्ये नऊ विजय असताना काढलं. बो पेलिनी यांनी सात वर्षांत एकदाही नऊपेक्षा कमी विजय दिले नाहीत, तरी २०१४ला काढलं. माइक रायली यांचे तीन हंगाम मिळून १९ विजय, १९ पराभव. दुधाने पोळलेले लोक त्यानंतर आपल्याच मातीतल्या पोराकडे वळले. फ्रॉस्ट वुड रिव्हरचा, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, आणि २०१७ला सेंट्रल फ्लोरिडाला १३-० नेऊन आलेला. डिसेंबर २०१७ला तो आला तेव्हा मी स्वतः ओमाहात अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या आहेत. त्यामुळे त्याच्याबद्दल तटस्थपणे बोलणं मलाही सोपं जात नाही.

नोव्हेंबर २०२१मध्ये अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाच्या खेळ विभागाचे प्रमुख) ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी त्याला ठेवलं, पगार पन्नास लाख डॉलरवरून चाळीस लाखांवर आणला आणि काढल्यास द्यायची रक्कमही पुढच्या १ ऑक्टोबरनंतर निम्मी केली. चार असिस्टंट गेले. चौघेही आक्रमणाचे. हे पाहून मी त्या दिवशी बायकोला म्हणालो होतो की घोडं पंटवर अडलंय आणि खोगीर बदलतायत. नंतर, हंगाम संपल्यावर, बिल बुश यांना पूर्ण वेळ स्पेशल टीम्सचं काम दिलं गेलं, म्हणजे चूक उमगली होती. पण ते एक वर्ष उशिरा.

माझं मत विचारशील तर २०२१च्या शेवटी त्याला ठेवणं चूक नव्हतं. आकडे सांगत होते की संघ ३-९पेक्षा बरा आहे आणि दुखणं कुठे आहे ते दिसत होतं. पण ठेवायचा तर त्याच्याकडून एक गोष्ट बदलून घ्यायला हवी होती: जोखीम कधी घ्यायची याची समज. २७ ऑगस्ट २०२२, डब्लिन, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण २८-१७ने पुढे, सामना हातात, आणि फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली. म्हणजे किकऑफ लांब न मारता जवळच मारून चेंडू परत आपणच मिळवायचा प्रयत्न. तो फसला. त्यांना जवळून सुरुवात मिळाली, त्यांनी टचडाउन केला, आणि शेवटी ३१-२८ने जिंकले. ही किक चालते कमी वेळा आणि फसली की समोरच्याला मैदानाचा अर्धा भाग फुकट मिळतो. अकरा गुणांची आघाडी असताना तुझा फायदा सामना शांत ठेवण्यात असतो. त्या नॉर्थवेस्टर्नने पूर्ण हंगामात एकच सामना जिंकला, आपल्याविरुद्धचा.

दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्न लिंकनला आले, ६४२ यार्ड काढले, ४५-४२ने जिंकले. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केल्यावर नेब्रास्का तोपर्यंत कधीच हरला नव्हता, २१४ वेळा. दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला काढलं. तीन आठवडे थांबले असते तर द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून पंचाहत्तर लाखांवर आली असती. थांबले नाहीत. त्या शनिवारी स्टेडियममधून बाहेर पडताना लोक ओरडत नव्हते, गप्प चालत होते. ती शांतता मी विसरलेलो नाही, आणि मला वाटतं निर्णय तिनेच घेतला.

फ्रॉस्टनंतरही हेच दुखणं वर आलं. नंतरचे हेड कोच मॅट रूल यांचा पहिला हंगाम, २०२३, ५-७. शेवटचे चार सामने सलग हरले, मिशिगन स्टेट, मेरिलँड, विस्कॉन्सिन, आयोवा, चारही मिळून फरक १६ गुणांचा. म्हणून "एक फ्रॉस्ट गेला की सगळं सुटलं" म्हणणारेही चूक. पण रूल यांनी पुढच्या वर्षी ७-६ करून २०१६नंतरचा पहिला विजयी हंगाम दिला, पिनस्ट्राइप बोल या हंगामानंतरच्या सामन्यात बोस्टन कॉलेजला २०-१५ने हरवलं, आणि तरीही न थांबता २०२५साठी टेनेसीहून माइक एकेलर यांना खास स्पेशल टीम्ससाठी आणलं. त्या बातमीने मला जितका आनंद झाला तितका कुठल्याही क्वार्टरबॅकच्या येण्याने झाला नसता.

एक विनंती, ती फक्त तुलाच नाही, त्या जेवणाला बसलेल्या सगळ्यांना. कोचबद्दल हवं ते बोला, त्याला लाखो डॉलर मिळतात आणि निर्णय त्याचे असतात. त्या पंटरचं, त्या किकरचं नाव घेऊन ओरडू नका. ती तुझ्या वयाची पोरं आहेत, सोमवारी तुझ्याच वर्गात येऊन बसतात. २०११च्या त्या बसमधला माझा पंटर आज तिशीत आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि अजून भेटला की आधी त्या पंटबद्दल बोलतो.

तू पुढच्या शनिवारी विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये असशील. सामन्याच्या दीड तास आधी जा, तेव्हा गर्दी नसते आणि रुंझाची (खिमा-कोबी भरलेल्या पावाची) रांगही लहान असते. पंटर सराव करत असेल. फोनवरचं स्टॉपवॉच लाव आणि दहा पंट मोज: पायाला लागल्यापासून झेलला जाईपर्यंत किती सेकंद, आणि दहापैकी किती एकाच बाजूला पडले. आणि त्याच्याशेजारी कोण उभं आहे ते बघ. आकडे मला पाठव, मग आपण बोलू.